साहेबांसाठी जिताडा

तरुणपणाबद्दल लिहायला बसलं की माणसं हळवी होतात म्हणे. मी होत नाही. मला त्या दिवसांचा अजून राग येतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा येतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून गोड आठवणींची अपेक्षा ठेवायला नको. माझी मुलगी परवा विचारत होती, कॉलेजात असताना तुम्ही डिप्रेशनमध्ये होता का. असेन बाई. आमच्या घरात त्याला माज म्हणत. "इंजिनेर झाला आन् माज आला," एवढं एका वाक्यात निदान व्हायचं आणि त्यावर औषध म्हणजे माझ्या खोलीच्या दारावर लाथ.

पनवेल स्टेशनवरून खाडीकडे निघालं की मिनीडोरनं, म्हणजे सहा आसनी रिक्षानं, वीसेक मिनिटांवर आमचं गाव. मिठागरं गेली, भातशेती गेली, त्या बदल्यात प्रत्येकानं तीन-तीन मजले चढवले, बाहेरून टाइल्स लावल्या आणि गच्चीवर सिमेंटचा सिंह बसवला. आमच्याही घरावर होता. खालच्या मजल्यावर आम्ही, म्हणजे आई, बाबा आणि मी. वरच्या मजल्यावर काका, काकी आणि त्यांची एकुलती एक मुलगी श्वेता. काका बिल्डरांना खडी आणि रेती पुरवायचा, गळ्यात जाड चेन, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात टाकायची सवय, आणि गावातला प्रत्येक निर्णय आपल्यालाच विचारून होतो अशी पक्की समजूत. बाबा त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, पण घरात आवाज काकाचा. बाबांनी तरुणपणी मिठागरावर काम केलेलं, पायांच्या तळव्यांना त्या मिठाच्या भेगा शेवटपर्यंत होत्या. जमिनी सरकारकडे गेल्या तरी एक तळं भूसंपादनातून कसंबसं वाचलं होतं, आणि बाबांचा सगळा दिवस त्या तळ्यावर जायचा. घरात असले तरी ते असल्यासारखे वाटायचे नाहीत. मला तेव्हा त्याचाही राग यायचा.

आमच्या भावकीत इंजिनिअरिंगला गेलेला मी पहिला. पहिलं वर्ष रेटून नेलं, दुसर्‍या वर्षाला गणितात आणि आणखी एका विषयात आपटलो. केटी लागणं ही काही जगबुडी नव्हे, वर्गातल्या निम्म्या पोरांना लागली होती आणि ती कँटीनमध्ये बसून त्यावर हसत होती. मला हसता येईना. मी जायचंच बंद केलं. सुरुवातीला सकाळी बॅग घेऊन निघायचो आणि पनवेलातल्या वडाळे तळ्याच्या पायर्‍यांवर बसून यायचो. पुढे तेवढाही कंटाळा आला, मग घरी सांगितलं की आता अभ्यासाची सुट्टी आहे. इंजिनिअरिंगमध्ये अडीच महिने अभ्यासाची सुट्टी असते यावर आमच्या घरानं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार, त्यांच्यापैकी कुणी कॉलेजचं फाटक पाहिलं होतं?

त्या दिवसांत मला जाग यायची ती दुपारच्या सुरुंगानं. विमानतळासाठी पलीकडचा डोंगर फोडत होते, दोनच्या सुमाराला धडाम् व्हायचं, खिडकीची तावदानं थरथरायची आणि मी डोळे उघडायचो. आता त्याच जागेवरून विमानं उडतात आणि लोक कौतुकानं फोटो काढतात. माझ्या कानात मात्र अजून तो सुरुंग आहे आणि त्यानंतर डंपरांची सुरू होणारी घरघर. उठून करायचं काय, तर परत मोबाइल. आंघोळ चौथ्या दिवशी, तीही आईनं टॉवेल अंगावर फेकला तर. आई तांदळाच्या भाकर्‍या करायची, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी, ताट झाकून दाराशी ठेवायची. ते तसंच राहायचं आणि मी संध्याकाळी नाक्यावर जाऊन शेजवान राइस हाणून यायचो. पोट सुटलं, चेहर्‍यावर फोड आले, जिना चढला की धाप लागायची. वय काय, तर एकोणीस.

आणि सल्ले! रोडपालीचा माझा मावसभाऊ, जो स्वतः तीन वेळा बारावीला बसला होता, मला रोज व्हिडिओ पाठवायचा. कुणी कोट घातलेला माणूस ओरडून सांगत असायचा की पहाटे चारला उठा, थंड पाण्यानं आंघोळ करा, आरशात बघून मी वाघ आहे असं म्हणा. मी ते व्हिडिओ अंथरुणात पडून शेवटपर्यंत बघायचो आणि त्या माणसाला शिव्या घालायचो. काका वरून खाली येताना दारात थांबून म्हणायचा, तुला काय कमी हाय रे, आमाला तर चड्डी नव्हती. त्याची चड्डी आणि माझं गणित यांचा संबंध काय, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. बाबा काहीच बोलायचे नाहीत. दारात उभे राहायचे, माझ्याकडे बघायचे आणि निघून जायचे, आणि मला वाटायचं की यापेक्षा काकाच्या शिव्या बर्‍या.

मग एक दिवस कॉलेजकडून बाबांच्या मोबाइलवर मेसेज आला. इंग्रजीत होता, म्हणून बाबांनी तो वर जाऊन काकाला दाखवला, आणि माझी अडीच महिन्यांची सुट्टी तिथल्या तिथं संपली. पाल्याची उपस्थिती अपुरी असून त्याचं नाव डिफॉल्टर यादीत आहे, पालकांनी येत्या सोमवारी विभागप्रमुखांना भेटून हमीपत्रावर सही न केल्यास टर्म मिळणार नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. आई रडली. काकी आईला रडताना बघायला खाली आली. काका मात्र खुशीत आला, कारण आता त्याला ठाऊक असलेल्या मुलुखात प्रश्न आला होता. एक साहेब होता आणि त्याला राजी करायचं होतं.

आमच्याकडे साहेबाकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. तलाठी असो, बँकेचा मॅनेजर असो, मोजणीवाला असो की ऑपरेशन करणारा डॉक्टर असो, त्याच्या घरी जिताडा जातो. खाडीतून आणलेलं बोटभर पिल्लू तळ्यात सोडायचं, वर्षानुवर्षं बारीक मासळी खायला घालून वाढवायचं, आणि मग एखाद्या मोठ्या कामाला काढायचं. याला कुणी लाच म्हणत नाही. तो मान असतो. जिताडा खाल्लेला साहेब काम अडवत नाही, अशी आमच्या गावात श्रद्धा आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा अडवत नसतही. त्यामुळे साहेब मासे खातो का, हा प्रश्न आमच्या घरात कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. माझ्या यायला हवा होता. आमचे विभागप्रमुख बिराजदार सर लातूरकडचे, गळ्यात तुळशीची माळ, डब्यात रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मला हे सगळं माहीत होतं. पण काकानं जिताडा न्यायची घोषणा केली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, आणि मरू देत सगळे, असं माझं त्या वेळी एकंदर धोरण होतं.

बाबांनी तळ्यातला सगळ्यात मोठा जिताडा काढला. तो श्वेताच्या हळदीसाठी राखून ठेवलेला होता, तिचं लग्न महिनाभरावर आलं होतं. काकाच म्हणाला, ने, पोर्‍याचं वर्ष मोठं. त्याबद्दल काकाला श्रेय द्यायला हवं, देतो. सोमवारी सकाळी मी पुढे मिनीडोरनं गेलो. माझ्याबरोबर यायचं नाही, पालकांनी अकराला यायचंय, असं मी बाबांना बजावलं होतं. ते मासा घेऊन येणार हे मला माहीत होतं आणि तरी मला वाटत होतं की काहीतरी होईल आणि ते येणार नाहीत.

तिसर्‍या मजल्यावर सरांच्या केबिनबाहेरचा पॅसेज भरलेला. यादीतली वीस-बावीस पोरं, त्यांचे आईबाप, कुणाचे वडील बँकेत, कुणाची आई शिक्षिका, सगळे फॉर्मल कपड्यांत, हातात फायली. बाबा जिन्यातून वर आले ते पांढर्‍या शर्ट-पँटमध्ये, लग्नाला घालायचे ते कपडे, आणि खांद्यावर ओलं गोणपाट. गोणपाटातून शेपूट बाहेर आलेलं, हातभर. बर्फ वितळून त्याचं पाणी त्यांच्या पाठीवरून, पँटवरून, जिन्यापासून पॅसेजभर गळत आलेलं. वास त्यांच्याआधी पोचला. एका बाईनं रुमाल नाकाला लावला. पोरांमध्ये खसखस पिकली, मग कुणीतरी मोबाइल काढला, आणि शिपाई पुढे झाला. त्यानं बाबांना विचारलं नाही, आम्हांला विचारलं.

"हे कुणाचे वडील रे?"

बाबांनी मला पाहिलं होतं. मी खिडकीला टेकून उभा होतो, आमच्यामध्ये फार तर दहा पावलं असतील. ते माझ्याकडे बघून हसले, घामाघूम झाले होते, आणि खांद्यावरचं ओझं सावरून त्यांनी मला जवळ बोलावल्यासारखी मान हलवली. मी खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागलो. शिपायानं परत विचारलं. मी स्क्रीनवर अंगठा फिरवत राहिलो. स्क्रीन बंद होता. मी हात वर करायचा होता, एवढंच, बोलायचंसुद्धा नव्हतं. आज हे लिहिताना माझा उजवा हात आपोआप टेबलावरून वर येतो. तेव्हा आला नाही.

गडबड ऐकून बिराजदार सर बाहेर आले. त्यांनी गोणपाट पाहिलं, गळ्यातल्या माळेला हात लावला आणि दोन पावलं मागे सरले. ओरडले नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाले, हे काय आणलंय, कुणाकडे आलात आपण? बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माळेकडे, आणि मग माझ्याकडे. मग त्यांनी चेहरा सरळ केला.

"चुकून आलो सायब. माजा पोर्‍या दुसर्‍या कॉलेजात हाय."

आणि ते वळले. पाणी गाळत परत जिन्यानं खाली गेले. मागे शिपाई फडकं शोधत शिव्या घालत होता, पोरं हसत होती, आणि मीही, हे लिहायलाच हवं, मीही थोडा हसलो. इतरांसारखं दिसावं म्हणून. खिडकीतून खालचं फाटक दिसत होतं. समोर इमारतीचं काम चाललं होतं आणि रेतीच्या ढिगाजवळ डोंगराकडून आलेली मजुरांची दोन कुटुंबं चुलीवर काहीतरी शिजवत होती. बाबा रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेले, गोणपाट खाली ठेवलं आणि बोलले काहीतरी. एका बाईनं तो मासा दोन्ही हातांनी छातीशी धरला. बाबांनी रिकामं गोणपाट झटकलं, घडी केली, काखेत घातलं आणि ते गावाकडे, करंजाड्याच्या दिशेनं चालत निघाले. रिक्षा नाही केली.

माझा नंबर आला तेव्हा सरांनी विचारलं, पालक कुठे? मी म्हणालो, बाहेरगावी. सरांनी माझ्या फॉर्मवरचं आडनाव वाचलं, घरत, गाव अमुक, वडिलांचा व्यवसाय शेती व मत्स्यपालन. ते वाचून त्यांनी वर पाहिलं. त्यांना कळलं होतं असं मला आज वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं. ते म्हणाले, बाकीच्यांना पालकांच्या सहीवर थोडी सूट दिली आहे, तुझ्यासाठी सही करणारं कुणी नाही. टर्म संपायला सहा आठवडे आहेत. सकाळी साडेआठचं पहिलं लेक्चर ते साडेतीनचं प्रॅक्टिकल, रोज. एक चुकलं तर नाव यादीत कायम. मग आजारपणाचा दाखला नको, कुणाचा फोन नको. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, गेलं वर्ष. अंथरुणातून उठायला जमत नव्हतं मला, आणि हा माणूस साडेआठ म्हणत होता.

घरी पोचलो तर आनंदीआनंद. काका खालच्या ओट्यावर चहा पीत बसला होता आणि आल्या-गेल्याला सांगत होता की साहेबानं जिताडा घेतला, काम फत्ते. बाबा आत पाटावर बसून जेवत होते, माझ्याकडे न बघता. आईनं मला आनंदानं सांगितलं की सायब लय खूश झाला, बोलला काळजी करू नको. हे बाबांनी सांगितलं होतं. शेवटचा घास खाल्ला, ताटात हात धुतले आणि ते तळ्यावर निघून गेले.

तेव्हा मला कळलं की मी कशात अडकलोय. मला टर्म मिळाली नाही तर काका गप्प बसणार नव्हता. आमचा मासा खाऊन आमच्याच पोर्‍याला नापास करतो काय, असं म्हणून तो चार गाड्या भरून माणसं घेऊन कॉलेजात गेला असता, हे मला नक्की माहीत होतं. याआधी दोन कचेर्‍यांमध्ये तो तसा गेला होता. आणि तिथं त्या माळकरी माणसासमोर सगळं उघड झालं असतं. मासा कुणी खाल्ला नाही हे, बाबा खोटं बोलले हे, आणि ते खोटं का बोलले हेही. बाबांचं खोटं खरं ठरायचं तर एकच रस्ता होता आणि तो मला रोज सकाळी चालायचा होता.

लोक ज्याला मोटिव्हेशन म्हणतात ते मला कधी आलं नाही. मला धाक होता आणि चीड होती, त्या दोघांवर मी सहा आठवडे काढले. मोबाइल आईला दिला आणि तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितला, मी मागितला तर देऊ नको म्हणालो. दुसर्‍याच दिवशी मागितला. तिनं दिला नाही, मी तिच्यावर ओरडलो, तिनंही मला चार शब्द सुनावले. सहाला उठायचं म्हणजे लवकर झोपणं आलं आणि लवकर झोप येईना, मग पहिले आठ-दहा दिवस लेक्चरमध्ये पेंगायचो. हायवेवर न्हावा शेवा बंदराकडे जाणार्‍या ट्रेलरची रांग लागलेली असायची, मिनीडोर तिथं अडकली की साडेआठ हुकलं. म्हणून मी अलीकडेच उतरून उरलेली वाट चालायला लागलो, ट्रेलरच्या कडेकडेनं, धूळ खात, ड्रायव्हरांच्या नावानं बोटं मोडत. पोटात काही नसलं की चालताना चक्कर यायची, म्हणून सकाळी भाकरी खाणं आलं. घामेजून वर्गात बसलं की शेजारचा सरकून बसायचा, म्हणून आंघोळ आली. असं एकातून एक. यात कुठे वाघ नव्हता आणि आरसा नव्हता. पॅन्ट कमरेला सैल झाली तेव्हा मला आनंद झाला नाही, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं म्हणून वैताग आला. गणिताच्या बाई फळ्यावर जे करत होत्या त्यातलं अर्धं तिसर्‍या आठवड्यात कळायला लागलं, तेव्हाही मी त्यांच्यावरच चिडलो, की हे एवढंच होतं तर आधी का नाही नीट सांगितलंत. आधी मी वर्गात नव्हतो, हा मुद्दा सोयीनं विसरून.

घरातल्या कुणालाच कळेना की मी एवढा का मरतोय. साहेब तर खिशात होता. रोज सकाळी काका दात घासत वरून विचारायचा, "कशाला जातंस रे? मासा पोचलाय ना?" आणि रोज मी चपला घालून निघायचो. बाबा त्या वेळी अंगणात असायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. पूर्वीही बोलायचे नाहीत म्हणा, पण पूर्वी बघायचे.

पाचव्या आठवड्यात श्वेताचं लग्न आलं, बुधवारी, सकाळी साडेअकराचा मुहूर्त. मी तिचा एकुलता भाऊ. आमच्यात लग्नात नवरीच्या भावानं नवर्‍याचा कान पिळायचा असतो, त्याचा मान मोठा, व्हिडिओवाला दोन वेळा करायला लावतो. हळदीच्या दिवशी मी कॉलेज करून संध्याकाळी मांडवात आलो, ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण लग्नाच्या दिवशी सकाळी सातला मी शेरवानीऐवजी टीशर्ट घालून बॅग अडकवून बाहेर पडलो, तेव्हा मांडवात खुर्च्या लावणारे लोकसुद्धा थांबले. काकानं माझा दंड धरला.

"सायबानं मासा खाल्लाय ना? मंग एक दिवस चालवणार नाय? लाव फोन, मी बोलतो त्याच्याशी."

त्यानं हात पुढे केला, मोबाइल मागायला. माझ्याकडे मोबाइलच नव्हता, तर तो म्हणाला, नंबर सांग. पाहुणे जमायला लागले होते, काकीचे भाऊ, गावचे चार प्रतिष्ठित, सगळे बघत होते. सांगून टाकावं असंही वाटलं, एकदाचं फुटू दे सगळं. तेवढ्यात बाबा मधे आले. नवीन धोतर, डोक्याला फेटा, मला ते एकदम छोटे दिसले.

"फोन कोनी लावायचा नाय," ते म्हणाले. "जाऊ दे त्याला."

काकानं विचारलं, का पण? तुझ्या पोर्‍याला माझ्या पोरीच्या लग्नापेक्षा कॉलेजचा एक दिवस जड आहे का? काका बरंच बोलला. जमिनीचं काढलं, आजाच्या वेळचं काढलं, तुझ्या पोर्‍यासाठी माझ्या पोरीच्या हळदीतला मासा दिला हेही काढलं. सगळ्या भावकीसमोर माझे बाबा मान खाली घालून ऐकत राहिले, आणि एका हातानं त्यांनी माझ्या दंडावरची काकाची बोटं सोडवली. मी गेलो. साडेआठला वर्गात होतो. कान कुणीतरी लांबच्या भावानं पिळला. श्वेता आजही राखीला ते ऐकवते, आणि ऐकवायला हवंच. काका दोन वर्षं बाबांशी बोलला नाही. एकाच घरात, एकाच जिन्यानं वर-खाली करून दोन वर्षं.

यादी लागली तेव्हा तीत माझं नाव नव्हतं. टर्म मिळाली. पुढे परीक्षा झाली, गणित सुटलं, तेही काठावर नाही तर चांगल्या मार्कांनी. पण यादी लागली त्या संध्याकाळी मी कॉलेजातून थेट तळ्यावर गेलो. बाबा काठाला बसून टोपलीतली बारीक मासळी मुठीनं पाण्यात टाकत होते. मी सांगितलं, टर्म मिळाली. ते म्हणाले, बरा झाला. मग मी तिथंच चिखलात उकिडवा बसलो आणि म्हणालो, बाबा, त्या दिवशी मी हात वर करायला पाहिजे होता. सहा आठवडे हे वाक्य मी ट्रेलरच्या रांगेतून चालताना घोकलं होतं.

"कंच्या दिवशी?"

"तू मासा घेऊन कॉलेजात आला होतास त्या दिवशी."

बाबांनी टोपलीचा तळ खरवडून शेवटची मूठ पाण्यात टाकली, हात धुतले, पंच्याला पुसले.

"तुज्या कॉलेजात मी कदी आलोच नाय," ते म्हणाले. "मी गेलतो तो दुसर्‍या कुनाच्या पोर्‍याच्या कॉलेजात."

ते रागानं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. मी नंतरही दोनदा प्रयत्न केला, एकदा नोकरी लागल्यावर, एकदा माझ्या लग्नाच्या आधी. दोन्ही वेळा त्यांनी विषय असा झटकला की जणू मी कुठल्या तरी परक्या माणसाची गोष्ट सांगतोय. माणूस माफ करत नसेल तर त्याच्या पाया पडता येतं, भांडता येतं. काही घडलंच नाही म्हणणार्‍या माणसापुढे काय करायचं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

डिग्रीच्या कार्यक्रमाला आई आली, श्वेता आणि तिचा नवरा आले. काकाचा अबोला तोवर सुटलेला, तोसुद्धा मोठी गाडी घेऊन आला आणि बिराजदार सरांना शोधून त्यांचा हात हातात धरून ओळखीचं हसला. सर बिचारे हसले. बाबा फाटकापर्यंत आले, गाडीतून उतरले, पण आत येईनात. मला गर्दी सोसत नाय, तुमी जा, म्हणाले. कार्यक्रम संपल्यावर मी काळा गाउन घालून धावत बाहेर आलो. समोरच्या बाजूला ते उभे होते, पांढर्‍या कपड्यांत, हात मागे बांधून, ड्रायव्हर आणि इतर पोरांचे आईबाप यांच्या घोळक्यात. माझे मित्र, मास्तर, तो शिपाई, सगळे फाटकात होते. मी हात वर केला, पूर्ण वर, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, बाबा!

त्यांनी मागे वळून बघितलं, आपल्यामागे कुणाचा बाप उभा आहे ते.